डेडस्टॉक

करिश्मा, रजिस्टरात सही करायच्या आधी
प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघ.
नुसते आकडे जुळवून चार्ज घेऊ नको.
मी तसाच घेतला होता, एकोणीस वर्षांपूर्वी,
आणि पहिल्याच रात्री कळलं
की अनुक्रमांक सातचं टेबल
तीनच पायांचं आहे.

हे बीपीचं यंत्र.
पाऱ्याचं होतं ते घेऊन गेले, मग हे घड्याळवालं आलं.
आधी काटा शून्यावर आहे का बघायचं,
मग माणसाकडे.
पट्ट्यातली हवा सगळी काढायची,
सैल गुंडाळायचा, ओल्या बाळंतिणीच्या
पोराचं दुपटं गुंडाळतो तसा.
घडी मारलीस तर आतला फुगा
घडीवरच फाटतो.

दिवाळीनंतर इथे प्रत्येक दंडाला कापूस असतो.
बाया वेचणीवरून थेट येतात,
व्हेल्क्रोत तंतू अडकतात, मग तो धरत नाही.
सुई घे आणि वेच.
हो, आपणही वेचायचं, दुसरं काय.
तरी तो एकदा गेलाच, तेव्हा बाबाराव शिंप्यानं
पोरीच्या शाळेच्या बुटाचा उसवून लावून दिला.
पैसे विचारले तर म्हणाला,
"माह्या बायकोचं बीपी याच्यातच सापडलं न बाई,
पैसे कायचे?"
दुसऱ्यांदा मीच शिवला. टाका वाकडा आहे,
दिवे गेले होते.

दाबायच्या फुग्याला भेग पडली तेव्हा
वणी रोडवरच्या रज्जाकनं पंक्चरचं सोल्युशन लावलं.
घमेल्यातल्या पाण्यात फुगा बुडवून
आम्ही दोघं बुडबुडे शोधत बसलो होतो,
रांगेत आठ गरोदर बाया,
त्याही वाकून बघत होत्या.

तो स्टेथोस्कोप तुझ्या गळ्यात शोभतो.
काढ.
मानेचा घाम आणि डोक्याचं तेल
नळीला लाकूड करतात.
मे महिन्यात खिडकीतही ठेवू नको,
माठामागच्या कोनाड्यात ठेव,
जिथे मी लस आल्यावर स्वतः बसते.
थर्मामीटरचा सेल मात्र काढू नकोस,
एकदा काढला, तो मुंग्यांच्या पावडरीच्या डबीत गेला,
तीन दिवस गावात कोणालाच ताप नव्हता.

आता हा वजनकाटा.
झोळी माझ्या लुगड्याची, स्प्रिंग सरकारची.
याच्याबद्दल मला सांगायचं नव्हतं.

हा मी फार टिकवला.
तेल दिलं, गंज घासला,
स्टोअरला दुसरा मागायची लाज वाटायची,
सगळे म्हणायचे, नलूबाईच्या हाताखाली
काही मोडत नाही.
पंचफुला टेकामचं पोरगं यात अडीच भरलं,
मी अडीच लिहिलं आणि घरी पाठवलं.
चौथ्या दिवशी ते दूध ओढेना.
पांढरकवड्याला नेलं, तिथे डॉक्टरनं विचारलं,
हे अडीच कोणी लिहिलं?
परत येऊन मी मिठाचा किलोचा पुडा टांगला.
अकराशे.
मोडला नव्हता तो. फक्त खोटं बोलत होता,
आणि मी त्याला तेल देत होते.

पोरगं वाचलं. सातवीत आहे,
मला बघून सायकलची घंटी वाजवतं.
मी दरवेळी त्याच्या मनगटाकडे बघते.

काटा कपाटावर ठेवलाय, उलटा.
निर्लेखनाचा कागद पाठवून सहा वर्षं झाली,
उत्तर नाही,
म्हणून रजिस्टरात तो अजून चालू स्थितीत आहे.
नवीन काटा टेबलावर. मिठाचा पुडा ड्रॉवरमध्ये.
दर सोमवारी.
पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं,
पुडा बदलत जा, पैसे तुझेच जातील.

बस इथे. दंड दे.
बाही वर कर अजून. बोलू नको.

एकशे दहा, सत्तर.
बरोबर आहे यंत्र.
आता कर सही.